काटेगोळ्यांचा नवस

१९ जून

डॉक्टरबाई दुपारच्या फेरीबोटीने आल्या. वारा असा की धक्क्यावर उतरताना त्यांची टोपी उडून सामुद्रधुनीत गेली, पण हातातली पेटी काही त्यांनी सोडली नाही. सोलांज फियेरो त्यांचं नाव. वाल्दिव्हियाच्या विद्यापीठात समुद्राच्या तळावर राहणारे प्राणी शिकवतात. इकडे पोर्वेनिरला आल्या की आमच्या मागच्या खोलीत उतरतात, जेवण माझ्या हातचं आणि होडी माझ्या नवऱ्याची, नोल्बेर्तोची.

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी आमच्या खाडीच्या तळाशी चार लोखंडी चौकटी ठेवल्या. त्यात काटेगोळे सोडले, काटेरी कवचाचे गोल प्राणी, नोल्बेर्तो बुड्या मारून आणतो आणि ज्यांच्यावर हे घर चाललंय तेच. आधी प्रत्येकाला कसल्याशा रंगाच्या पाण्यात बुडवून काढलं. तो रंग कवचात एका रेघेसारखा धरतो म्हणे. वर्षाने कवच कापायचं आणि रेघेच्या पुढे किती वाढ झाली ते पाहायचं. येत्या ऑक्टोबरात चौकटी वर येतील, डॉक्टरबाई लिहून देतील, आणि मग मत्स्य खातं ठरवील, खाडी चालू ठेवायची की बंद करायची.

बंद झाली तर नोल्बेर्तोला दक्षिणेच्या बेटांत जावं लागेल. तिकडे माणसं महिनोन् महिने होडीतच राहतात. माझा भाऊ आर्तेमियो तिकडेच गेला होता. त्याचे बूट तेवढे परत आले.

जेवताना मी विचारलं, "डॉक्टरबाई, खाली पाय ठेवायला जागा नाही इतके काटेगोळे आहेत असं हा सांगतो. मग त्यात मोजायचं काय?"

"किती आहेत ते नाही मोजत, सेन्योरा ओती. वर्षाला भर किती पडते ते मोजते."

"एकच झालं की," नोल्बेर्तो सूप ओढत म्हणाला.

"एकच नाही, माएस्त्रो. इथलं पाणी थंड. तळावरचं सगळं सावकाश खातं, सावकाश वाढतं, सावकाश मरतं. म्हणून तळ भरलेला दिसतो. ती वर्षानुवर्षांची साठण आहे. तुम्ही पोती भरभरून वर आणता तेवढी भर दरवर्षी पडते का, एवढाच माझा प्रश्न आहे."

मला माझ्या फडताळातल्या कालाफातेच्या, इथल्या रानबोरांच्या, मुरंब्याच्या बरण्या आठवल्या. फडताळ गच्च दिसतं, कारण मी कोणाला हात लावू देत नाही. दर उन्हाळ्यात नवीन बरण्या होतात त्या जेमतेम दोन-तीन. म्हणजे शिल्लक मोठी आणि आवक लहान. कळलं असं वाटलं. भांडी घासताना पुन्हा सगळं गोंधळलं.

२० जून

सान पेद्रोच्या सणाला नऊ दिवस राहिले, म्हणून आजपासून नोवेना, नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. चुलीजवळ उभी राहून मोठ्याने म्हणते. मनातल्या मनात म्हटलं की माझं लक्ष पिठाकडे जातं.

"सान पेद्रो, तू स्वतः कोळी होतास. आमच्या खाडीतले काटेगोळे वाढू देत आणि हा माणूस घरी राहू दे. एवढं झालं तर पुढच्या वर्षी तुझ्या मिरवणुकीत देवळापासून धक्क्यापर्यंत अनवाणी चालेन."

नोल्बेर्तो बूट वाळत घालत होता. म्हणाला, "म्हातारे, जूनमध्ये, भर हिवाळ्यात अनवाणी? पाय गोठून गळून पडले तर मला पाव कोण करून घालणार?"

"तूच करशील."

"मी? मला बघून पीठ रडायला लागेल."

२९ जून

सण झाला. मूर्ती यंदा आमच्या होडीत होती. पाणबुड्याला हवा पुरवणाऱ्या काँप्रेसरला शेंदरी कागदाची फुलं लावली होती, ती वाऱ्याने धक्का सोडायच्या आतच गेली. रुबेलिंदो सुकाणूवर होता. आमच्या मुलीला बाप्तिस्म्याला हातात घेणारा हाच, म्हणून तो आमचा कोंपाद्रे. नोल्बेर्तो खाली जातो तेव्हा वर बसून हवेची नळी सांभाळणाराही तोच. दोघं एकमेकांना वीस वाक्यांत एकदा तरी शिवी देतात आणि एकमेकांवाचून समुद्रावर जात नाहीत.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. डॉक्टरबाई टोपडं घट्ट बांधून कडेला बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुम्हीही काहीतरी मागा."

"मी शांत समुद्र मागितला," त्या म्हणाल्या आणि लगेच कडेवरून वाकून ओकल्या.

परत जाण्याआधी त्यांनी नोल्बेर्तो आणि रुबेलिंदोला पुन्हा बजावलं: चौकटींतलं आणि चौकटींच्या भोवतीचं काही काढायचं नाही. दोघांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. नोल्बेर्तोने शब्द दिला की मोडत नाही, हे मी लग्नाआधीपासून पाहत आले आहे.

९ जुलै, रविवार

मिस्साहून आले तर नोल्बेर्तो घरात नाही. रविवारी हा समुद्रावर कधीच जात नाही. दिवेलागणीला आला, चिंब भिजलेला, पोती ओली आणि रिकामी.

"काय रे, रविवारचा गेलास?"

"सवड होती."

"आणि काही लागलं नाही?"

"नाही."

खाली पाय ठेवायला जागा नाही म्हणतो, आणि रिकाम्या पोत्यांनी येतो. काँप्रेसरचं तेल फुकट गेलं.

१६ जुलै, कार्मेनच्या मातेचा सण

पुन्हा तेच. मी देवळात, हा समुद्रावर, पोती रिकामी. बोटांत काटे मोडले होते ते सुईने काढत बसले. इतके काटे की ताटलीत काळा ढीग झाला.

"रिकामं पोतं आणणाऱ्याच्या बोटांत एवढे काटे कसे?"

"हातमोजे फाटलेत."

हातमोजे मीच मे महिन्यात शिवलेत. पाहिले, फाटले होते खरे. पण गोळे धरल्याशिवाय ते फाटले कसे, हे मला उलगडलं नाही. रुबेलिंदोला गाठून विचारलं. तो म्हणाला, "कोमाद्रे, मी वर असतो. खाली काय चालतं ते माशांना विचार." आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. माते, आमचा कडू पानांचा चहा, दिला तर नाही म्हणाला. रुबेलिंदो आणि चहाला नाही!

दारू म्हणावं तर वास नाही. बाई म्हणावं तर समुद्रात कोणती बाई बसली आहे? असले विचार मनात आले म्हणून एक माळ जास्त जपली.

२ ऑगस्ट

नोल्बेर्तोचा डावा खांदा धरला आहे. सांधे दुखतात म्हणतो, गुडघाही. मीठ तापवून फडक्यात बांधून शेकलं. यंदा दमट हवा फार आहे. वय कोणाला चुकलं आहे का? लाकूड संपत आलं. नवीन आणलं ते ओलं निघालं, धूरच धूर.

१८ ऑगस्ट

डॉक्टरबाई काल आल्या आणि आज खाली जाऊन आल्या. नोल्बेर्तो सोबत होता. स्वयंपाकघरात आल्या तेव्हा ओठ निळे पडलेले, तरी बोलणं थांबेना.

"काहीच कळत नाहीये मला. तीन चौकटींच्या भोवती नुसती गर्दी! जूनमध्ये एवढे नव्हते. मोठमोठे गोळे, एकावर एक बसलेत."

मी कढईतला चमचा खाली ठेवला आणि क्रूस केला. नोवेना संपून दोन महिनेही झाले नाहीत! डॉक्टरबाईंना नवस सांगितला. त्या हसल्या, पण वाईट वाटावं असं नाही.

नोल्बेर्तो ताटलीत बघून हसत होता.

"तुला काय झालं हसायला?"

"काही नाही. सान पेद्रो मेहनती आहे."

मी त्याला चमचा दाखवला. मग डॉक्टरबाईंना विचारलं, "आता खाडी चालू राहील ना?"

"सेन्योरा ओती, गर्दी वाढली म्हणजे भर पडली असं होत नाही. हे आले कुठून ते कळायला हवं."

"देवाने दिले ते कुठून आले हे विचारायचं कशाला?"

मी आनंदाने गोड पुऱ्या तळल्या, पण त्यांनी एकच खाल्ली आणि वहीत आकडे घालत बसल्या. मला वाटलं होतं त्या खूश होतील. नवस पावला की माणसं अशी गप्प होतात का?

३० ऑगस्ट, येसू नाझारेनोचा सण

चिलोए बेटावरच्या माणसाला आज घर आठवतंच. नोल्बेर्तोसाठी बटाटे किसून मिल्काओ केले. खाता खाता त्याला त्याची आई आठवली. आमच्या सासूबाई लांबच्या किनाऱ्यावरून टोपलीभर शिंपले आणायच्या आणि ओहोटीला आपल्या किनाऱ्याच्या चिखलात पेरायच्या. तोंडाने काहीबाही पुटपुटत.

"मग किनाऱ्याला शिंपल्यांचं पीक धरायचं. पण वर्षभर कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की पीक बुडतं," तो म्हणाला.

"असलं पाद्रीबाबांसमोर बोलू नकोस."

"तू मेणबत्ती लावतेस, आई टोपली न्यायची. एवढं काय त्यात?"

मी म्हटलं, फरक आहे. आणि इतक्या वर्षांत सासूबाईंच्या टोपलीबद्दल न बोलणाऱ्या माणसाला ती आजच का आठवावी?

२४ सप्टेंबर

नोल्बेर्तो

२६ सप्टेंबर, पुंता अरेनास

आता लिहू शकते. परवा रुबेलिंदो धक्क्यावरून ओरडतच आला. नोल्बेर्तो होडीत आडवा होता, शुद्धीवर, पण कमरेखाली आपले पाय आहेत की नाहीत हे त्याला कळत नव्हतं. दाबाचं दुखणं, खोलातून पुन्हा पुन्हा घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना होतं ते. आरमाराच्या होडीने सामुद्रधुनी ओलांडून इथल्या इस्पितळात आणला. दाब उतरवायला एका लोखंडी पिंपासारख्या खोलीत घातलंय, तिला गोल काच आहे. काचेतून त्याचं नाक दिसतं. मी बाहेर माळ जपते.

रुबेलिंदोला विचारलं, "किती वेळा खाली गेला होता?"

"मी मोजायचं सोडलं, कोमाद्रे. खाडीच्या टोकाच्या बाहेरच्या बाजूला, खोल. वर यायचा, पोतं घेऊन खाडीत जायचा, पुन्हा बाहेर. मी म्हटलं, बास कर रे गाढवा. म्हणाला, डॉक्टरबाई येण्याआधी एवढी शेवटची."

"शेवटची काय? पोत्यांत काय होतं?"

"परवा तू धावत होडीत चढलीस, तेव्हा पाहिलंस ना? रिकामी होती ना पोती?" एवढं बोलून तो मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला.

पोती रिकामी होती. मग त्याने जीव धोक्यात कशासाठी घातला? मला समजत नाही आणि त्या पिंपात ओरडून विचारता येत नाही.

४ ऑक्टोबर

पायांत जीव आला. डावा पाय ओढत चालतो. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पाण्याखाली जायचं नाही, कधीच. गेलास तर वर येणार नाहीस.

नोल्बेर्तो छताकडे बघत पडून राहिला. मी त्याचा हात धरून बसले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता हा दक्षिणेला जाणार नाही. असं वाटल्याबद्दल लाज वाटली. मग लाजेच्या मागून पुन्हा तोच विचार आला.

१५ ऑक्टोबर

घरी येऊन चार दिवस झाले. डॉक्टरबाईही आल्या. त्यांना इकडचं सगळं कळलं होतं. येताना त्यांनी नोल्बेर्तोसाठी काठी आणली, आणि मग दोन दिवस रुबेलिंदोबरोबर जाऊन चौकटी वर काढल्या. आज माझ्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून गोळे उघडायला घेतले. उघडायला मीही बसले. ते काम मला लग्न झाल्यापासून येतं.

पहिला उघडला आणि मी सुरी थांबवली. आतल्या पाच पिवळ्या जिभा, खायचा भाग तोच, या दिवसांत बोटाएवढ्या जाड असतात. या दोऱ्याएवढ्या, तपकिरी. चाखून पाहिली तर कडू. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

"हे उपाशी आहेत हो, डॉक्टरबाई."

"हो. तीनही चौकटींच्या भोवती शेवाळाचं एक पान उरलं नाही. सगळं खाऊन टाकलं आणि मग नुसते बसून राहिले. वाढ जवळजवळ शून्य." त्यांनी डोळे चोळले. "आणि बहुतेकांच्या कवचात माझी रेघच नाही. हे माझे नाहीतच. इतके मोठे गोळे चालत येतात म्हटलं तरी किती?"

चुलीजवळच्या खुर्चीवरून नोल्बेर्तो म्हणाला, "ते माझे आहेत."

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.

"मी पेरले. बाहेरच्या बाजूने आणून. वर्षभर सांगायचं नसतं, पण आता तुम्ही काढलेच म्हणून सांगतो." त्याच्या आवाजात थोडी ऐटच होती, कोणी शाबासकी देणार असल्यासारखी.

"मी सांगितलं होतं ना माएस्त्रो, की हात लावायचा नाही!"

"काढायचं नाही म्हणाला होतात. मी एकही काढला नाही. विचारा रुबेलिंदोला. टाकू नका असं कुठे म्हणाला होतात?"

डॉक्टरबाईंनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावतील. त्या हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "नाही म्हणाले. खरंच नाही म्हणाले मी."

"पण का रे?" मी विचारलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरले आहे.

"तूच तर मागत होतीस. नऊ दिवस, चुलीपाशी, मोठमोठ्याने. मी काय बहिरा आहे?"

मी उठून परसात गेले. लाकडं नीट रचलेली होती, ती पुन्हा रचली.

१६ ऑक्टोबर

चौथी चौकट शाबूत होती. ती पार पलीकडे, खडकांत, जिथे होडी जात नाही आणि काँप्रेसरची नळी पोहोचत नाही तिथे, म्हणून नोल्बेर्तोचे गोळे तिथे गेले नाहीत. तिच्यातल्या गोळ्यांच्या जिभा चांगल्या निघाल्या. डॉक्टरबाईंनी एकाचं कवच घासून पातळ केलं आणि जांभळ्या दिव्याखाली धरून मला दाखवलं. अगदी काठाजवळ पोपटी रेघ चमकत होती. रेघेच्या पुढे, काठापर्यंत, नखाच्या कातरणाएवढी जागा.

"ही एका वर्षाची," त्या म्हणाल्या.

"आणि रेघेच्या अलीकडचं एवढं सगळं?"

"त्याच्या आधीची वर्षं. हा गोळा तुमच्या नातीहून मोठा आहे, सेन्योरा ओती."

माझी नात पुढल्या वर्षी शाळेत जाईल. तिच्याहून वयाने मोठे गोळे आम्ही लिंबू पिळून, कांदा घालून, एका घासात खात आलो. मी पुन्हा एकदा त्या कातरणाएवढ्या जागेकडे पाहिलं. नोल्बेर्तोही काठी टेकत आला आणि बराच वेळ दिव्यावर वाकून राहिला.

"एवढीच?"

"एवढीच, माएस्त्रो. खाडी गरीब नाही. सावकाश आहे."

"मग तुम्ही काय लिहिणार?"

"दिसलं ते. तीन चौकटींचं का गेलं तेही लिहावं लागेल."

"माझं नाव घालून?"

"नाव नाही घालत."

"घाला," नोल्बेर्तो म्हणाला. "आईचंही घाला."

११ नोव्हेंबर

कोळ्यांच्या सभागृहात मत्स्य खात्याचा माणूस येऊन सांगून गेला. खाडी तीन वर्षं बंद. आरडाओरडा झाला. कोणीतरी नोल्बेर्तोला म्हणालं, "तुझ्या भाडेकरणीने बुडवलं आम्हाला." नोल्बेर्तो म्हणाला, "ती नसती तर आपणच बुडवली असती, जरा जास्त वर्षं लागली असती." मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

परत येताना रुबेलिंदो सोबत होता. तो सोमवारी दक्षिणेला निघतो आहे, दुसऱ्याच्या होडीवर.

"या वयात, कोंपाद्रे?"

"नळी धरायला वय लागत नाही, कोमाद्रे. माझा पाणबुड्या तुझ्या चुलीपाशी बसला, आता मी काय करू?" तो हसत म्हणाला, पण नोल्बेर्तो हसला नाही.

मी आर्तेमियोच्या बुटांबद्दल काही बोलले नाही. लोकरीचे मोजे देईन म्हटलं.

१३ नोव्हेंबर

रुबेलिंदो पहाटे गेला. पाव, मोजे आणि कालाफातेच्या मुरंब्याच्या दोन बरण्या दिल्या. पुढच्या उन्हाळ्यात किती होतात ते पाहू.

मी मागितलं होतं, काटेगोळे वाढू देत. आता तीन वर्षं त्यांना कोणी हात लावणार नाही, म्हणजे ते वाढतील. मी मागितलं होतं, हा माणूस घरी राहू दे. तो घरी आहे, पाय ओढत. दोन्ही दिलं. जे दिलं ते घेताना एवढं जड का वाटावं? पाद्रीबाबांना विचारलं, नवस पावला म्हणायचा की नाही? ते म्हणाले, "तुमचं मन काय म्हणतं?" मन काय म्हणतं ते कळलं असतं तर त्यांच्यापर्यंत कशाला गेले असते! अनवाणी मात्र चालणार आहे. शब्द दिला आहे, आणि या घरात तेवढं एक मोडत नाही.

संध्याकाळी नोल्बेर्तो पाव मळायला बसला. बसून करता येतं असं काम मागत होता, म्हणून दिलं. "बघ, रडतंय," म्हणाला, आणि कोपरापर्यंत पीठ माखून घेतलं.

मी मेणबत्ती लावली. रुबेलिंदोसाठी मागायचं होतं. तोंड उघडलं आणि पाहिलं तर नोल्बेर्तोचे हात पिठात थांबले होते. मान खाली, पण कान माझ्याकडे. काठी भिंतीला टेकलेली होती, हाताला येईल अशी.

मी तोंड मिटलं. जे मागायचं ते मनातल्या मनात मागितलं. निम्म्यावर आले आणि माझं लक्ष पिठाकडे गेलं. त्याने पाणी जास्त घातलं होतं.